नवा म्हणून बसवलेला दरवाजा आमचाच जुना निघाला

जुन्या पिकअपचं पत्र्याचं काम करून घेणार असाल, तर रंग मारायच्या आधी एकदा गॅरेजला जाऊन गाडी बघून या. रंग झाल्यावर काही कळत नाही. लांबी (पत्र्यातले खड्डे भरायची पुटी), गॅस वेल्डिंगचे ठिगळ, भंगारातला पत्रा, सगळं त्या एका चकचकीत थराखाली जातं आणि गाडी पुसून अशी उभी करतात की माणूस खूश होऊन उरलेले पैसे देऊन टाकतो. गॅरेजचं नाव लिहीत नाही, कारण प्रकरण मिटवताना तशी अट मान्य केली आहे. पण फसवायची पद्धत सविस्तर सांगतो. ती काही त्या एकाच गॅरेजची नाही, हे नंतर चार ड्रायव्हर लोकांशी बोलल्यावर कळलं.

गाडी 2010 ची बोलेरो पिकअप, पांढरी. वडील स्वतः चालवतात. जुन्नर तालुक्यातून टोमॅटो, कोथिंबीर भरून वाशी मार्केटला, असा वर्षानुवर्षांचा राबता. मार्केटमध्येच एक ट्रक मागे घेताना क्लिनर साइडवर, म्हणजे डाव्या बाजूवर आला. दरवाजा आत गेला, फेंडर (पुढच्या चाकावरचा पत्रा) चेपला आणि दरवाज्याच्या पुढचा पिलर, म्हणजे ज्या खांबाला दरवाजा टांगतात तो, दबला. ड्रायव्हर साइडचा दरवाजा तसाही खालून गंजून जाळी झाला होता, म्हणून म्हटलं एकदमच करून घेऊ. विमा फक्त थर्ड पार्टीचा, त्यामुळे सगळा खर्च खिशातून. वर पासिंग, म्हणजे आरटीओची फिटनेस तपासणी, तोंडावर आलेलं. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दर वर्षी फिटनेस करावं लागतं, हे गॅरेजवाल्याला आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. त्याचा पहिला प्रश्न तोच होता, "पासिंग कधी आहे?" तारीख कळली की घाई कुणाला आहे हेही त्याला कळतं.

ठरलं ते असं: दोन्ही दरवाजे नवे, कंपनीचे. क्लिनर साइडचा फेंडर नवा. पिलर ओढून सरळ करायचा आणि पूर्ण केबिनला रंग. सगळे मिळून 58 हजार. बिलाचं विचारलं तर म्हणाला, "पक्कं बिल पाहिजे तर वर 18 टक्के पडतील, शेठ. कशाला उगाच?" मग कच्च्या कागदावर 'डोअर 2, फेंडर 1, पेंट, लेबर' एवढंच खरडून दिलं. वडील जुन्या वळणाचे. त्यांनी त्याच कागदावर त्याच्याच हातानं 'नवे, कंपनीचे' असं लिहून घेतलं आणि अर्धी रक्कम यूपीआयनं दिली. पुढे या दोनच गोष्टी कामाला आल्या.

दरवाजे त्यानं आम्हाला दाखवले, हे सांगायलाच हवं. कंपनीचा नवा पत्रा काळ्या प्रायमरमध्ये येतो, आतून-बाहेरून सारखा काळा, वर पार्ट नंबर आणि किमतीचं लेबल. तसे दोन दरवाजे भिंतीला टेकवून ठेवलेले. आम्ही फोटोसुद्धा काढला. ते दरवाजे पुढे कुणाच्या गाडीला लागले की दुकानातून नुसते दाखवायला आणले होते, देव जाणे. आमच्या गाडीला ते लागले नाहीत.

गाडी ताब्यात दिली ती दिवस मावळल्यावर. ट्यूबलाइटच्या उजेडात रंग आरशासारखा दिसतो. दरवाजे बंद करून त्यानं दरवाज्याच्या कडेच्या फटीवरून, म्हणजे गॅपवरून, बोट फिरवून दाखवलं, "बघा, शोरूमचा गॅप आहे." आणि बंद दरवाज्याचा गॅप खरंच वरपासून खालपर्यंत एकसारखा होता.

आता खरी मेख इथे आहे. बंद दरवाज्यावरून काहीच ठरत नाही. दरवाजा हळूच उघडा, अगदी दोन बोटं. लॉक सुटल्या क्षणी दरवाज्याचा मागचा टोकाकडचा भाग खाली बसला, तर तो दरवाजा बिजागरीवर बसवलेलाच नाही. मागच्या पिलरवर जो खुंटा असतो, ज्याला लॉक पकडतं, त्याला स्ट्रायकर म्हणतात. दरवाजा लोंबत असला की तो स्ट्रायकर जरा वर सरकवून घट्ट करायचा. मग दरवाजा लावताना लॉक त्या खुंट्यावर चढतं, दरवाजा उचलला जातो आणि बंद झाल्यावर गॅप सरळ दिसतो. पाच मिनिटांचं काम. बिजागरीच्या घासलेल्या पिना बदलायला आणि दरवाजा नीट टांगायला अर्धा दिवस जातो, तो वाचला. पण त्यानंतर सगळं वजन लॉक आणि खुंट्यावर येतं. दरवाजा आपटल्याशिवाय लागत नाही. आपटून आपटून कडेची लांबी तडकते आणि लॉकही झिजत जातं. घाटात भरलेल्या गाडीचा दरवाजा अचानक उघडला तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको.

आमचा ड्रायव्हर साइडचा दरवाजा थोड्याच दिवसांत आपटावा लागायला लागला. गॅरेजवाल्याचं उत्तर तयार होतं, "नवं रबर आहे, बसेल हळूहळू." हे उत्तर चतुर आहे, कारण ते अर्धं खरं असतं. नवीन बीडिंग, म्हणजे दरवाज्याच्या कडेचं रबर, कडक असतं आणि सुरुवातीला दरवाजा बाहेर ढकलतं. पण रबरानं दरवाजा खाली लोंबत नाही. मग पाऊस सुरू झाला आणि माळशेजच्या वळणांवर दरवाज्यात पाणी डचमळायला लागलं. ते ऐकून वडिलांनी गाडी थेट आळेफाट्याच्या एका म्हाताऱ्या डेंटरकडे, म्हणजे पत्र्याचं काम करणाऱ्या मिस्त्रीकडे घातली.

त्यानं आधी कशालाच पाना लावला नाही. दरवाजा अर्धा उघडून मागच्या टोकाला धरून वर उचलला. वरची बिजागरी कटकट हलली. मग खिशातून छोटं लोहचुंबक काढलं, त्याला फडक्याचा पातळ तुकडा गुंडाळला आणि दरवाज्यावरून फिरवत खाली आणलं. हँडलपर्यंत चिकटत होतं. खालच्या वीतभर पट्ट्यात ते धरेचना, गळून पडायचं. "इथं पत्रा नाही मालक, लांबी आहे," म्हणाला, "भिंत लिंपल्यासारखी." लांबी दोन-तीन मिलिमीटरपर्यंत ठीक, सगळेच लावतात. इथे ती बोटभर जाड होती. दरवाज्याच्या तळाला पाणी निघून जायला भोकं असतात, तीही लांबीनं बुजवलेली. काचेच्या रबरामधून आत उतरलेलं पाणी जाणार कुठे?

मग डोअरपॅड, म्हणजे दरवाज्याचं आतलं कव्हर काढलं. पूर्वी ओतूरच्या एका इलेक्ट्रिशियननं स्पीकर बसवायला त्या दरवाज्याच्या आतल्या पत्र्याला हातानं भोक पाडलं होतं. वेडंवाकडं, एका बाजूला कापलेलं. ते भोक तिथेच होतं. नवा म्हणून पैसे घेतलेला दरवाजा आमचाच जुना होता, खालची जाळी पातळ पत्र्याच्या पट्टीनं झाकून वर लांबी थापलेला. वडील थोडा वेळ त्या भोकाकडे बघत राहिले आणि मग जे बोलले ते इथे लिहिता येत नाही.

क्लिनर साइडचा दरवाजा आतून निळा निघाला. भंगारातल्या कुठल्याशा निळ्या गाडीचा, पॅडखाली खडूनं 'डावा' असं लिहिलेलं. पत्रा तसा बरा होता. पण दबलेला पिलर ओढलाच नव्हता. पिलर सरळ करायच्या ऐवजी दरवाज्याची बोल्टची भोकं गॅसनं मोठी केली आणि बिजागरीमागे वायसरची चळत घालून दरवाजा कसाबसा जागेवर आणला. पातळ पॅकिंग चांगले मिस्त्रीही घालतात, त्यात गैर नाही. पण चार-चार वायसर एकावर एक दिसले की समजायचं, मूळ सांगाडा वाकडा आहे. फेंडर तेवढा खराखुरा नवा होता, मात्र वाकड्या दरवाज्याला जुळवायला त्याचीही भोकं घासून लांबट केलेली.

काम नीट कसं होतं, ते त्या म्हाताऱ्या डेंटरनं करताना बघितलं. सुरुवात केबिनच्या खालून. पिकअपची केबिन चासीवर (खालच्या लोखंडी सांगाड्यावर) रबरांवर बसते आणि हौदा वेगळा असतो. रबर कुजलं की केबिन एका अंगाला बसते, मग वर कितीही दरवाजे हलवा. केबिन आणि हौद्यामधली फट वर-खाली सारखी आहे का, हे आधी बघायचं. मग पिलर ओढायचा. मग स्ट्रायकर काढूनच टाकायचा, म्हणजे दरवाजा कशाच्या आधारानं राहू शकत नाही, आणि बिजागऱ्या ढिल्या ठेवून मागच्या पिलरला व खालच्या पट्टीला दरवाजा जुळवायचा. बोल्ट आवळून झाले की स्ट्रायकर लावायचा, तो दरवाज्याच्या उंचीला. दरवाजा बसल्यावर त्याला फेंडर जुळवायचा आणि शेवटी फेंडरला बॉनेट. पुढून मागे काम करत गेलं की चूक साचत साचत दरवाज्याच्या लॉकपाशी येते, आणि ती लपवायची जागा म्हणजे तो खुंटा. जुन्या पिकअपला कारसारखा गॅप येत नाही, तो कंपनीतून निघतानाही नसतो. चार-पाच मिलिमीटर आणि सगळीकडे साधारण सारखा, एवढं मिळालं तरी पुष्कळ.

तुम्ही काम देणार असाल तर नवा दरवाजा दाखवल्यावर त्याच्या आतल्या पत्र्यावर, पॅडखाली जाईल अशा जागी मार्करनं सही करा आणि सहीचा फोटो घ्या. पार्ट नंबरच्या लेबलचाही घ्या. रंगाआधीची कच्ची फिटिंग बघायची असं आधीच ठरवा. जो मिस्त्री याला नाही म्हणतो त्याच्याकडून गाडी उचला. जुना माल परत मागा, मग तो किलोच्या भावानं विकायचा असला तरी. आमचे जुने दरवाजे मागितले असते तर त्याला एक तरी द्यायला अडचण आली असती. आणि गाडी दिवसा, उन्हात ताब्यात घ्या. लांबीच्या लाटा तिरप्या उजेडात लगेच दिसतात.

पैशाचं सांगतो. गॅरेजवाला आधी ऐकूनच घेईना. मग म्हणाला, धंद्याची गाडी आहे, ग्राहक कायदा तुम्हाला लागू नाही. हे धादांत खोटं आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी वापर वगळलाय खरा, पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः राबणारा माणूस ग्राहकच धरला जातो. आमची गाडी वडील स्वतः चालवतात. आम्ही 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. भोकाचे, निळ्या पत्र्याचे, लांबीचे फोटो, 'नवे, कंपनीचे' लिहिलेला कागद आणि यूपीआयची नोंद जोडून त्याला रजिस्टर पोस्टानं नोटीस पाठवली. जिल्हा ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, हेही त्यात लिहिलं. मग फोन आला, "शेठ, एवढं कशाला ताणताय?" 32 हजार परत मिळाले. पूर्ण मिळायला हवे होते, पण वडिलांना तारखा करत बसायचं नव्हतं.

ड्रायव्हर साइडला कंपनीच्या काउंटरवरून आम्ही स्वतः दरवाजा घेतला, सही करून डेंटरकडे दिला. निळा दरवाजा ठेवला. पिलर ओढून, मोठी केलेली भोकं भरून पुन्हा पाडली आणि पिना बदलल्यावर तो दोन बोटांनी लागतो. रंग मात्र जुळला नाही. उन्हात नवा दरवाजा जरा पिवळट दिसतो. पासिंगला त्यानं काही अडलं नाही.