बाप कसा धावला, की पोरं कशी धावली?

परवा माझा मावसभाऊ रेसच्या घोड्यांच्या लिलावाचा कॅटलॉग घेऊन दादरहून घरी आला. तो आणि त्याचे तीन मित्र मिळून मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर पळवण्यासाठी एक शिंगरू घेणार आहेत. दोन पानांचे कोपरे त्याने दुमडून ठेवले होते. एका पानावर कोल्ट, म्हणजे नर शिंगरू होता. त्याचा बाप परदेशात मोठमोठ्या रेस जिंकून अलीकडेच इथल्या स्टडवर, म्हणजे घोड्यांच्या पैदाशीच्या फार्मवर आलेला, आणि त्याचं एकही पोर अजून ट्रॅकवर उतरलेलं नव्हतं. दुसऱ्या पानावर फिली, म्हणजे मादी शिंगरू. तिचा बाप स्वतः धावायला बेताचा, पण त्याची पोरं गेली कित्येक वर्षं मुंबई-पुण्यात जिंकतायत. दोन्हींचा भाव जवळपास सारखाच जाईल, असा भावाचा अंदाज. "दादा, कुठलं घेऊ?" एवढंच त्याने विचारलं. हा प्रश्न पडलेले त्याच्यासारखे आणखी बरेच जण असतील, म्हणून सविस्तर लिहितो.

धावणाऱ्या बापांत इंग्लंडच्या फ्रँकेल या घोड्याचं नाव सगळ्यांत आधी घ्यावं लागतं. 2010 ते 2012 या तीन वर्षांत तो 14 रेस धावला आणि 14 जिंकला. 2011 ची इंग्लंडमधली टू थाउजंड गिनीज ही मानाची रेस तर त्याने सहा लांबींनी, म्हणजे सहा घोड्यांच्या अंतराने मारली. असा घोडा 2013 ला स्टडवर गेला तेव्हा घोडीवाल्यांची रांग लागली, यात नवल नाही. पण पुढच्या तारखा नीट बघा. पहिली शिंगरं 2014 ला जन्मली. ती धावायला लागली 2016 मध्ये. आणि सायरच्या, म्हणजे पैदाशीच्या बाप घोड्यांच्या यादीत तो पहिल्या नंबरावर आला 2021 ला, त्याच्या अडायार या मुलाने इंग्लंडमधली एप्सम डर्बी मारली त्या वर्षी. म्हणजे पहिल्या घोडीला लावल्यापासून पोरांची परीक्षा सुरू व्हायलाच तीन-साडेतीन वर्षं गेली. एवढा काळ शिंगरू घेणारा प्रत्येक जण बापाच्या कीर्तीचे पैसे मोजत होता. फ्रँकेलच्या बाबतीत ते पैसे वसूल झाले, सगळ्यांच्या बाबतीत होत नाहीत. अमेरिकेच्या सिगार या घोड्याने लागोपाठ 16 रेस जिंकल्या होत्या, पण स्टडवर गेल्यावर त्याच्यापासून एकही घोडी गाभण राहिली नाही.

दुसऱ्या बाजूला रझीनचं उदाहरण घ्या. फ्रँकेलचे ट्रेनर हेन्री सेसिल, त्यांच्याच तबेल्यातला हा घोडा. नॉर्दर्न डान्सर या नामवंत सायरचा मुलगा. 1990 च्या एप्सम डर्बीत तो फेव्हरिट होता आणि पार मागे पडला. इंग्लंडने त्याचा नाद सोडला. तो हिंदुस्थानात उषा स्टडवर आला आणि वर्षानुवर्षं इथल्या सायरच्या यादीत सर्वांत वर राहिला. ज्या डर्बीने त्याला नापास केलं, तिच्यावरून त्याची पोरं कशी निघतील याचा काहीच अंदाज बांधता आला नसता. अमेरिकेच्या डँझिग या घोड्याचंही तसंच. गुडघ्याच्या दुखण्यामुळे तो जेमतेम तीन रेस धावला. तिन्ही जिंकला खरा, पण त्यांत एकही मोठी नव्हती. पुढे त्याच्या वंशाने जगभरची मैदानं भरून टाकली.

म्हणून कोल्टबद्दल माझं मत स्पष्ट आहे: पोरं धावलेला बाप घ्या. कोल्टचं सगळं मोल ट्रॅकवर. तो धावला नाही तर पुढे त्याचं काय करणार? स्टडवर जाणारे कोल्ट हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाकीचे खच्ची केले जातात, नाहीतर रायडिंगला जातात.

फिलीचं गणित वेगळं, आणि सेक्रेटेरियट या अमेरिकन घोड्याचा इतिहास वाचल्यावर मला ते नीट कळलं. 1973 ची बेलमाँट ही मोठी रेस त्याने 31 लांबींनी जिंकली, 2 मिनिटं 24 सेकंदांत. स्टडवर गेल्यावर, 'आपल्यासारखा मुलगा दिला नाही' असं त्याच्याबद्दल लोक बोलत राहिले. मात्र त्याच्या मुलींच्या पोटी स्टॉर्म कॅट, ए. पी. इंडी आणि गॉन वेस्ट जन्मले, आणि हे तिघेही पुढे मोठे सायर झाले. आपल्याकडे 'खाण तशी माती' म्हणतात ते घोडीच्या बाबतीत शब्दशः खरं आहे. मोठ्या धावणाऱ्या बापाची फिली ट्रॅकवर साधारण निघाली, तरी ब्रूडमेअर, म्हणजे पैदाशीची घोडी म्हणून तिला गिऱ्हाईक मिळतं. तेव्हा कॅटलॉगमध्ये नव्या बापाचीच फिली असती, तर मी भावाला तिचाही विचार करायला सांगितलं असतं.

अंतराचा प्रश्न लोक फार ताणतात. बाप स्प्रिंटर म्हणून पोरगं डर्बीचे 2400 मीटर काढणार नाही, असं छातीठोकपणे सांगणारे स्टँडमध्ये पुष्कळ भेटतील. पण किंग शार्लमेन या घोड्याची मोठी जीत फ्रान्समध्ये 1300 मीटरवरची. त्याची मुलगी जॅकलिन. तिने महालक्ष्मीला दोन्ही गिनीज, ओक्स आणि 2010 ची इंडियन डर्बी अशा चार क्लासिक, म्हणजे सर्वांत मानाच्या रेस जिंकल्या. आईकडून दम आला, तर अंतर वाढतं.

यादी वाचतानाही जपून. सायरचा क्रम त्याच्या पोरांनी वर्षभरात जिंकलेल्या एकूण रकमेवर ठरतो. वर्षाला शंभर घोड्यांचा बाप असला आणि त्यातल्या एकाने डर्बी मारली, की नाव वर जातं. त्याऐवजी किती पोरं धावली आणि त्यांतली किती जिंकली, हे मोजा. वीसांतली दहा जिंकणारा बाप मला ऐंशीतली वीस जिंकणाऱ्यापेक्षा जवळचा वाटतो. आणि शिंगराची जन्मतारीख बघायला विसरू नका. आपल्याकडे सगळ्या घोड्यांचं वय 1 जानेवारीला वाढतं, त्यामुळे मे महिन्यात जन्मलेलं शिंगरू जानेवारीतल्यापेक्षा चार महिने लहान असूनही कागदावर त्याच वयाचं असतं. दोन वर्षांच्या वयात हा फरक डोळ्यांना दिसतो.

मी स्वतः एकदा नावाला भुलून एका कोल्टमध्ये आठवा हिस्सा घेतला होता. बाप परदेशात गाजलेला, त्याची पोरं इथे अजून धावायची होती. विकणाऱ्याने गुडघ्याचे एक्सरे दाखवायचं टाळलं आणि आम्हीही जोर धरला नाही. तो दोनदा धावला, दोन्ही वेळा शेवटच्या फर्लांगात अडखळला. पण घोडा धावो न धावो, ट्रेनिंगचं बिल दर महिन्याला येतंच. दीड वर्ष मी ते भरलं, आणि त्या मुक्या जनावराच्या दुखऱ्या पायांचं वाईट मला पैशांहून जास्त वाटलं.

माझे मामा महालक्ष्मीला तीस वर्षं सईस, म्हणजे घोड्यांची देखभाल करणारे होते. पहाटेच्या गॅलपनंतर घोडा परत आला की ते खाली बसायचे आणि पुढच्या पायाच्या नळीवरून, गुडघ्यापासून खुरापर्यंत, उलटा हात सावकाश फिरवायचे. कुठे गरम लागतंय का ते बघायला. एका पायाला जिथे हात थांबला, तिथेच दुसऱ्या पायालाही लावून पाहायचे. बोलायचे नाहीत. पुन्हा एकदा हात फिरला की आम्ही समजायचो, आज या घोड्याला काम नाही.

भावाला मी फिली घे म्हटलं. तिच्या बापाची पोरं धावतायत, आणि तिची आईही पुण्याला 2000 मीटर जिंकलेली आहे. पण लिलावाच्या दिवशी आम्ही दोघं लवकर जाणार. तिला तबेल्याबाहेर काढून आमच्याकडे चालत यायला सांगू, मग पाठमोरी चालत जायला. मग मी खाली बसून तिच्या चारही पायांवरून उलटा हात फिरवीन.