दंडाचं डिजिटल बीपी मशीन: आधी कफ बघा

सोलापुरात मेडिकलमध्ये सहज मिळणारं, चार पेन्सिल सेलवर चालणारं हे मशीन चांगलं आहे. खरी गोम कफमध्ये, म्हणजे दंडाला गुंडाळायच्या हवा भरणाऱ्या पट्ट्यात आहे. सोबत येणारा कफ बहुधा २२ ते ३२ सेंटीमीटर घेराच्या दंडासाठी असतो. दुकानात जाण्याआधी खांदा आणि कोपराच्या मध्यावर टेपने घेर मोजा. जाड दंडाला तोच कफ आवळला तर आकडा फुगतो. २०२३च्या अमेरिकी अभ्यासात सर्वांत मोठा कफ लागणाऱ्यांना नेहमीचा कफ बांधल्यावर वरचं बीपी सरासरी १९.५ने जास्त आलं. म्हणजे १२५चं थेट १४४! नाहक गोळी सुरू व्हायला एवढं पुरेसं आहे. मोठ्या कफचे पैसे वेगळे पडले तरी द्याच.

हाताचंही तसंच. २०२४च्या चाचणीत हात मांडीवर ठेवल्यावर वरचा आकडा सुमारे ४ने, खाली लोंबकळत सोडल्यावर ६.५ने वाढला. आपली सोलापुरी चादर घडी करून टेबलावर ठेवा, त्यावर हात टेका. कफ छातीच्या पातळीला येतो. कफची कड कोपराच्या घडीपासून दोन बोटं वर, बाही मध्ये नको, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर. पाच मिनिटं गप्प बसून मग बटण दाबा, मिनिटभराने पुन्हा मोजा आणि दोन्ही आकडे लिहून ठेवा.

सेल उतरले की मशीन मध्येच एरर दाखवतं. नाडी अनियमित असेल तर आकडे हेलकावतात, तेव्हा डॉक्टरांकडूनच मोजून घ्या. मनगटावरचं मशीन स्वस्त मिळालं तरी घेऊ नका.