नागपुरातल्या सदरच्या ‘युरोप ड्रायव्हर’वाल्या ऑफिसला माझे अडीच तारे

ऑफिसचं नाव लिहीत नाही, कारण माझे चाळीस हजार अजून त्यांच्याकडं अडकून आहेत. नागपूरच्या सदर भागात दुसऱ्या मजल्यावर आहे, आपल्याकडच्या ट्रक ड्रायव्हरांना युरोपात कामाला पाठवतात. जिन्यात ट्रकचा मोठा फोटो लावलाय, लांब नाकाचा, अमेरिकेतला. तसला ट्रक मला दीड वर्षात युरोपात कामावर एकदाही दिसला नाही, तिथं सगळे चपट्या तोंडाचे. जिन्यातच शंका यायला पाहिजे होती.

मी नागपूरजवळच्याच वाडीचा. बारा वर्षं ट्रेलर चालवला, आधी रायपूर-कोलकाता, मग हैदराबाद लाईन. 2023 च्या पावसाळ्यात यांच्याकडं साडेचार लाख भरले. चांगलं आधी सांगतो. व्हिसा खरा निघाला, कंपनी खरी निघाली, लिथुआनियाच्या विमानतळावर न्यायला माणूस उभा होता. आमच्या लाईनीतल्या दोघांचे पैसे दुसरीकडं पार बुडालेत, म्हणून हे कमी समजू नका. आपलं लायसन मात्र तिथं कामाचं नाही. ट्रेलरची परीक्षा पुन्हा, वरून ‘कोड 95’ नावाचं, धंद्याची गाडी चालवायला लागणारं वेगळं सर्टिफिकेट. त्यात दोन महिने गेले आणि ते बिनपगारी असतात हे सदरला कोणी बोललं नाही.

आता मुख्य गोष्ट. ऑफिसात सांगतात, ‘महिना दोन हजार युरो पगार.’ हातात पडतात जवळपास तेवढेच, माझे एकोणीसशेच्या आसपास पडायचे. पण तो पगार नाही भाऊ. जवळपास निम्मे पैसे दिवसभत्त्याचे असतात, देशाबाहेर गाडीवर असलो तेवढ्या दिवसांचे. त्यावर टॅक्स नाही, पेन्शनचा हिस्सा नाही. माझी कंबर धरली, नऊ दिवस पडून होतो, तेव्हा आजारपणाचा पैसा फक्त मूळ पगारावर मोजला. ती पगाराची चिठ्ठी पाहून मी डोकंच धरलं. मूळ पगार बांधलेला असतो लिथुआनियाच्या किमान वेतनाला, ते 2024 मध्ये महिन्याला 924 युरो होतं. मी गाडी चालवायचो जर्मनीत, हॉलंडमध्ये. जर्मनीत त्याच वर्षी तासाला 12.41 युरोपेक्षा कमी देता येत नव्हतं, म्हणजे पूर्ण महिन्याचे दोन हजारांच्या वर, आणि ते नुसतं कमीत कमी.

मधला फरक कोणाच्या खिशातून जाते, हे मला हॉलंडमधल्या व्हेन्लोजवळच्या पार्किंगमध्ये एका डच ड्रायव्हरनं समजावलं. साठीचा माणूस. दोन शनिवार माझ्या नमस्काराला उत्तर दिलं नव्हतं. तिसऱ्यांदा मी गॅसवर फोडणी टाकली तेव्हा वासानं आला, मोबाईलवर भाषांतर करत बोलला. 2004 मध्ये पूर्वेकडचे देश युरोपियन युनियनमध्ये आले. काही वर्षांत त्याच्या मालकानं तिकडं कागदावर एक कंपनी काढली, गाड्यांच्या नंबरप्लेटी बदलल्या. काम तेच, रस्ते तेच, ड्रायव्हर पोलंडचे. पुढं पोलंडमध्ये पगार वाढले तसे युक्रेन-बेलारूसचे आले, मग उझबेक, आता आपण. या डच ड्रायव्हरचा पगार कोणी कापला नाही, फक्त वाढ मागायला गेला की मालक खिडकीतून बाहेरच्या गाड्या दाखवायचा. वाडीत झारखंडची पोरं कमी खेपभाड्यावर बसतात म्हणून मी जे बोलायचो, ते तो माझ्याबद्दल बोलून राहिला होता. वरणभात मात्र दोनदा घेतला.

नियम नाहीत असं नाही. 2 फेब्रुवारी 2022 पासून दुसऱ्या देशातल्या आतल्या खेपेला, म्हणजे माल तिथंच भरून तिथंच उतरवायचा त्या खेपेला, त्या देशाचं वेतन द्यावं लागते. आतल्या खेपाही सात दिवसांत तीनच, मग त्या देशात चार दिवस बंद. साडेचार तास गाडी चालवली की पाऊण तास थांबणं, टॅकोग्राफ नावाचं गाडीतलं मशीन सगळं लिहून ठेवते. आपल्याकडं असं मशीन लावलं तर अर्धा अमरावती रोड रिकामा होईल. आठवड्याची 45 तासांची मोठी सुट्टी केबिनमध्ये काढायला मनाई आहे. आमचा डिस्पॅचर, म्हणजे कंपनीतला खेपा देणारा, म्हणायचा ‘मॅनेज कर’. मी केबिनमध्येच मॅनेज केली, हॉटेलची पावती कधी पाहिली नाही.

एका उझबेक दोस्तानं 2023 ची गोष्ट सांगितली. जर्मनीत डार्मस्टाटजवळ ग्रेफेनहाउझेनच्या थांब्यावर एका पोलिश मालकाच्या गाड्या ड्रायव्हरांनी रांगेत उभ्या करून ठेवल्या, जॉर्जिया-उझबेकिस्तानची पोरं, पगार थकलेला. मालक माणसं आणि चिलखती गाडी घेऊन गाड्या सोडवायला आला, पोलिसांनी अडवलं. पोरं काही आठवडे बसून राहिली आणि पैसे घेऊनच उठली. उन्हाळ्यात पुन्हा तसाच संप झाला, त्यात काही उपाशीही बसले.

उलटंही झालंय. ब्रिटन युरोपियन युनियनमधून बाहेर पडलं, बरेच युरोपियन ड्रायव्हर परत गेले, 2021 मध्ये पंपांवर पेट्रोल पोचवायला माणूस मिळेना. तेव्हा तिथल्या ड्रायव्हरांचे पगार चांगलेच वर गेले. सरकारनं 5,000 तात्पुरते व्हिसा काढले ते ह्याच घाईत. मालक लोक म्हणतात ड्रायव्हरांचा तुटवडा आहे. तो डच म्हणाला, त्याच्या दोन्ही पोरांकडं ट्रेलरचं लायसन आहे, चालवत कोणीच नाही.

तर जायचं का? कर्ज नसेल, वय तिशीच्या आत असेल तर जा. मला पैसे शिल्लक पडले, खोटं कशाला बोलू. पण सदरच्या ऑफिसात बसून तीन गोष्टी कागदावर घ्या: मूळ पगार किती, भत्ता कोणत्या दिवसांचा, परीक्षेच्या महिन्यांत जेवायचं कशावर. ‘सर, ते तिथं गेल्यावर समजेल’ म्हणाले तर चहा पिऊन उठा. चहा चांगला असतो, त्याचा अर्धा तारा धरलाय.

चाळीस हजार म्हणजे ‘डिपॉझिट’, करार पूर्ण केला की परत. करार फेब्रुवारीत पूर्ण केला. सहा वेळा जिना चढलो. आता सोमवारी बोलावलंय. मिळाले तर अर्धा तारा वाढवीन आणि इथंच लिहीन.