सर्वांत लांब जुळणी शोधायची कशी: ट्राय की टीकॅम?

समजा राउटरच्या तक्त्यात १०.०.०.०/८ आणि १०.१.२.०/२४ असे दोन मार्ग आहेत. तिरक्या रेषेनंतरचा आकडा सांगतो पत्त्याचे सुरुवातीचे किती बिट जुळायला हवेत; त्या सुरुवातीच्या बिटांना प्रीफिक्स म्हणतात. १०.१.२.७ कडे निघालेलं पॅकेट दोन्हींत बसतं, पण जातं /२४ च्या वाटेने, कारण तिथे जास्त बिट जुळतात. मेट्रिक (मार्गाचा 'खर्च' सांगणारा आकडा) इथे बघितलंच जात नाही. त्यावरून निवाडा एकाच प्रीफिक्सच्या दोन मार्गांमध्ये होतो, तोही तक्ता भरताना. खरी कसोटी आहे ही जुळणी झटपट शोधण्याची.

लिनक्स त्यासाठी ट्राय वापरतं, म्हणजे बिटागणिक फांद्या फुटणारी झाडासारखी रचना. पत्त्याचे बिट वाचत झाडाच्या फांद्यांवरून खाली उतरायचं आणि जुळलेला सर्वांत लांब प्रीफिक्स धरायचा. साधी रॅम पुरते. मात्र प्रत्येक पायरीला मेमरी वाचावी लागते.

टीकॅम ही वेगळ्या घडणीची मेमरी. तिच्यात प्रत्येक बिट ०, १ किंवा 'काहीही चालेल' असा साठवता येतो आणि सगळ्या नोंदी एकाच वेळी तपासल्या जातात. लांब प्रीफिक्स वर ठेवले की पहिली जुळणी हेच उत्तर. वेग अफाट! पण ती महाग, वीज भरपूर खाते आणि जागा ठरलेली. १२ ऑगस्ट २०१४ रोजी इंटरनेटच्या जागतिक तक्त्यातल्या मार्गांची संख्या ५,१२,००० च्या आसपास पोहोचली, तेव्हा अनेक जुन्या राउटरांतली हीच जागा संपली आणि इंटरनेट ठिकठिकाणी अडखळलं.

पूर्ण जागतिक तक्ता सॉफ्टवेअर राउटरवर ठेवायचा असेल तर मी निःशंकपणे ट्राय निवडेन. टीकॅमवाला राउटर घेणाऱ्यांनी वेगाआधी नोंदींची मर्यादा विचारावी, आयपीव्ही६ च्या (नव्या, जास्त लांब पत्त्यांच्या) नोंदी धरून.