पाण्याकाठी तंबू की धारेवर? डोंगरातल्या मुक्कामाची जागा ठरवताना

सॅक पाठीवर टाकून तीन-चार दिवस डोंगरात काढायचे ठरले, की पहिल्याच संध्याकाळी हा प्रश्न उभा राहतो. तंबू पाण्याजवळ लावायचा की वर धारेवर, म्हणजे डोंगराच्या उघड्या कण्यावर? बहुतेक जण काठ निवडतात आणि त्यामागचं कारण रास्त आहे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, आणि दिवसभराच्या चालीनंतर खांद्यांना तो एकेक किलो कळतो. तरीही माझं मत स्पष्ट आहे. पाणी भरायची जागा आणि झोपायची जागा एकच असावी लागते, हे गृहीतच आधी सोडून द्यावं. पाण्याचं आधी ठरवा, झोपेचं नंतर, आणि दोन्हींत थोडं अंतर राहू द्या.

काठावरचा मुक्काम

याचे फायदे उघड आहेत. पाणी हवं तेवढं, स्वयंपाक निवांत, भांडी घासायची चिंता नाही. दरीत वारा कमी लागतो. अंधार पडत आला असेल, सोबत लहान मुलं असतील किंवा कोणाचा पाय दुखावला असेल, तर काठावर थांबणंच शहाणपणाचं.

पण रात्र चढायला लागली की चित्र बदलतं. उतारावरची हवा थंड होते, जड होते आणि ओघळत दरीच्या तळाशी येऊन साचते. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असेल, तर तळाशी गारठा आणि थोडं वर चढलं की ऊब, असा उलटा प्रकार अनुभवाला येतो. एरवी दर 1000 मीटर उंचीला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. अशा रात्री दरीपुरता हा हिशेब लागू पडत नाही. त्यात ओढ्याकाठची हवा दमट. तंबूच्या आतल्या बाजूला पाणी सुटतं, स्लीपिंग बॅग ओलसर होते, आणि ती पिसांची असेल तर ऊबच देईनाशी होते. पाणवठ्यावर सांजसकाळ जनावरं येतात, त्यांच्या वाटेत आपण बसलेले असतो. शिवाय ओढ्याच्या खळखळाटात बाकीचे आवाज बुडतात. वरून घरंगळणारा दगड असो की सोबत्याची हाक, ऐकूच येत नाही.

सगळ्यात मोठा धोका पाणी चढण्याचा. आपल्या डोक्यावर चांदणं असतं आणि पाऊस वरच्या खोऱ्यात कोसळत असतो. म्हणून काठावर सॅक उतरवण्याआधी आजूबाजूची झुडपं नीट बघा. फांद्यांच्या बेचक्यांत वाळलेलं गवत, काटक्या, चिखलाचे पापुद्रे अडकलेले दिसतील, सगळे प्रवाहाच्या दिशेने वळलेले. ते कंबरेच्या उंचीवर असतील, तर मागच्या पुरात पाणी तिथवर आलं होतं. ती बारीक वाळूची गुळगुळीत सपाटी तंबूसाठी मोठी सुरेख वाटते, पण ती सपाट केली आहे पुरानेच.

आणखी एक पथ्य. पाण्यापासून किमान 60 मीटर, म्हणजे मोठ्या माणसाची साधारण 70 पावलं दूर राहावं, हा जबाबदार भटक्यांमध्ये जगभर मानला जाणारा दंडक आहे. शौचाला आणि भांडी धुवायलाही तेच अंतर. म्हणजे अगदी काठाला खेटून तंबू लावणं हा पर्याय मुळात उरतच नाही.

धारेवरचा मुक्काम

वर हवा कोरडी, दव कमी, डास-चिलटं जवळजवळ नाहीत आणि सकाळचं ऊन आधी आपल्याकडे. ज्याने एकदा धारेवरून उजाडताना पाहिलं, त्याला परत दरीत झोपवणं कठीण असतं, हे मान्य. पण वाऱ्याला आणि विजेला इथे आडोसा नाही. दुपारपासून ढग मनोऱ्यासारखे वर चढत असतील, तर त्या रात्री धार बाद, यात चर्चेला जागा नाही.

धारेवरच्या खिंडीबद्दल मुद्दाम सांगायला हवं, कारण नकाशावर ती सर्वांत मोहात पाडते. दोन शिखरांमधला सपाट तुकडा, दोन्ही बाजूंना देखावा. पण वारा नेमका त्याच फटीतून घुसतो आणि अरुंद जागेत त्याचा वेग वाढतो. खिंडीपासून थोडं खाली, वाऱ्याच्या उलट अंगाला उतरलं की बऱ्याचदा तीच रात्र शांत जाते.

राहिला पाण्याचा भार. संध्याकाळचा स्वयंपाक, रात्रीचं पिणं, सकाळचा चहा-नाश्ता आणि पुढच्या पाण्यापर्यंतची चाल, असं धरलं तर माणशी सुमारे 4 लिटर लागतात. उकाडा असेल तर जास्त. हा भार हलका करायची एक साधी युक्ती आहे, ती सर्वांनी अंगी बाणवावी असं मला मनापासून वाटतं: जेवण पाण्याजवळच उरका. उन्हं कलताना ओढ्यापासून ठरलेलं अंतर राखून चूल मांडा, पोटभर जेवा, भरपूर पाणी प्या, पिशव्या भरा आणि मग अर्धा-पाऊण तास चढून झोपायच्या जागी जा. आता पाठीवर दोन-अडीच लिटरच लागतं. अन्नाचा वास तंबूपासून लांब राहतो तो वेगळाच फायदा. अस्वलांच्या मुलखात तर तोच मुख्य.

मधला खांदा

माझी पहिली पसंती या दोन्हींच्या मध्ये आहे. मुख्य धारेवरून दरीकडे उतरणाऱ्या सोंडेवर कुठे तरी एखादा सपाट खांदा असतो. दरीच्या तळापासून 50 ते 100 मीटर उंच असला तरी पुरे. थंड हवा खाली ओघळून जाते, वारा वरच्या वर निघून जातो आणि पाण्याला जाऊन यायला फार वेळ लागत नाही.

असा खांदा नकाशावर शोधता येतो. समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, दाट असतील तर चढ उभा, विरळ असतील तर सपाटी. रेषा जिथे टोकदार वळतात तिथे टोक कुठे रोखलंय ते बघा. टोक चढाकडे असेल तर ती घळ, उताराकडे असेल तर सोंड. सोंडेच्या अशा वळणांमध्ये दोन रेषा अचानक एकमेकींपासून लांब गेल्या, की तिथे खूण करून ठेवायची. एक सावधगिरी मात्र हवी. लागोपाठच्या दोन रेषांमधला उंचीचा फरक 20 मीटरचा असेल, तर 15 मीटरचा कडा त्या दोन रेषांच्या मध्ये पूर्ण लपू शकतो. म्हणून एकाच खुणेवर विसंबू नका, त्याच वाटेवर दुसरी जागाही हेरून ठेवा.

जागेवर पोचल्यावर आधी मान वर करायची. वाळलेलं झाड किंवा अडकून राहिलेली मोडकी फांदी डोक्यावर असेल, तर तिथे तंबू नाही. मग जमिनीवर तसंच आडवं होऊन बघायचं. पाठीला दगड आणि उतार लगेच समजतो. किंचित उतार चांगला, कारण पाणी निथळून जातं. बशीसारखा खोलगट भाग पावसात डबकं होतो. आधीच मुक्काम होऊन उघडी पडलेली जागा मिळाली तर तीच वापरा. उंचावरची झुडपं-गवत तुडवलं गेलं की सावरायला वर्षानुवर्षं घेतं.

पाणी कोणाला विचारायचं?

नकाशा, उपग्रह चित्र, आधी गेलेल्यांच्या नोंदी आणि डोंगरात भेटणारी माणसं, हे चार मार्ग. चारही वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात, आणि गोंधळ होतो तो इथेच.

पाणी कुठे असू शकतं, हे नकाशा सांगतो. सलग निळी रेघ बारमाही प्रवाहाची, तुटक रेघ हंगामी, अशी पद्धत बऱ्याच नकाशांत असते. खालची सूची वाचून खात्री करून घ्या आणि मोजणीचं सालही बघा. दोन ओहोळ मिळतात त्याच्या खालचं पाणी वरच्यापेक्षा भरवशाचं, कारण त्याला खोरं मोठं मिळतं. उपग्रह चित्रात पाणी क्वचितच दिसतं, पण कोरड्या महिन्यातल्या चित्रात पिवळ्या उतारावर हिरवा पट्टा दिसला तर तिथे ओल आहे. चित्र कोणत्या महिन्याचं आहे हे बघितलं नाही, तर त्याचा उपयोग शून्य. नोंदींचंही तेच: ‘इथे भरपूर पाणी’ हे वाक्य पावसानंतर लिहिलंय की उन्हाळ्याच्या शेवटी, यावर सगळं अवलंबून आहे.

आज पाणी आहे का, याचं उत्तर मात्र फक्त माणूस देतो. त्या डोंगरात जनावरं चारणारा किंवा समोरून उतरून येणारा भटक्या भेटला की थांबून विचाराच. नुसतं ‘पाणी आहे का’ असं नको. ‘तुम्ही स्वतः कधी भरलं’ असं विचारा.

झरा, ओढा, तळं, बर्फ

चारही समोर असतील तर झरा. पाणी झिरपू देणारा खडक वर आणि न झिरपू देणारा थर खाली असला, की त्यांच्या सांध्यावर पाणी उतारावर फुटून बाहेर येतं. म्हणून एक झरा सापडला तर त्याच उंचीवर आडवं चालून बघावं, दुसरा सापडायची शक्यता असते. चुनखडीच्या डोंगरात मात्र भरपूर पाऊस पडूनही माथा कोरडा असतो, पाणी भेगांतून खोल निघून जातं.

वाहता ओढा दुसरा. तो आटला असेल तर पात्राच्या वळणावर बाहेरच्या बाजूला बघा. तिथला डोह खोल असतो आणि शेवटी आटतो. हिमनदीतून येणारा ओढा सकाळी कमी असतो आणि दुपारनंतर फुगतो, म्हणून ओलांडायचा तो पहाटे. त्याचं दुधाळ पाणी फिल्टर बुजवतं, तेव्हा भांड्यात निवळू द्यावं. साठलेलं तळं तिसरं. बर्फ वितळवणं शेवटचं, कारण इंधन फार खातं. भांड्यात आधी थोडं पाणी घालून मगच बर्फ टाकायचा, नाहीतर भांडं करपतं.

शुद्ध कसं करायचं

उकळणं सर्वांत खात्रीचं. खळखळून 1 मिनिट, आणि 2000 मीटरच्या वर 3 मिनिटं, कारण उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळतं. खर्च होतो इंधन आणि वेळ. पोकळ तंतूंचा फिल्टर हलका आणि झटपट. जिवाणू आणि जिआर्डियासारखे परजीवी तो अडवतो, विषाणू मात्र त्यातून निसटतात. तो एकदा वापरल्यावर आत पाणी राहतं, आणि ते गोठलं तर तंतू फाटतात. बाहेरून काही दिसत नाही. म्हणून थंडीत रात्री फिल्टर स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपायचं. क्लोरीन डायऑक्साइडच्या गोळ्यांना वजनच नाही, पण क्रिप्टोस्पोरिडियम या चिवट परजीवीसाठी 4 तास थांबावं लागतं. अतिनील दिव्याला पाणी स्वच्छ लागतं आणि बॅटरी चार्ज असावी लागते.

दोन-चार दिवसांसाठी मी फिल्टर आणि सोबत गोळ्यांचं एक पाकीट हीच जोडी सुचवेन. पण खाणीखालच्या किंवा फवारणी होणाऱ्या शेताखालच्या पाण्याला यातलं काहीच चालत नाही. ते भरूच नये.

निघण्याआधी प्रत्येक दिवसापुढे दोन गोष्टी लिहून ठेवा: खात्रीचं शेवटचं पाणी कुठे आहे, आणि पुढचं मिळालं नाही तर मागे किती वाजता वळायचं. खात्रीच्या पाण्यावरून निघताना पुढच्या जागेपर्यंत जाऊन परत येण्याइतकं पाणी पिशवीत असायला हवं. तेवढं वाहून नेणं जमणार नसेल, तर त्या दिवशीचा मुक्काम अलीकडेच करा.