डायल गेज उत्तम, पण तो चिकटवायचा कुठे?

मित्सुतोयोचा २०४६एस डायल गेज (दांडा किती सरकला ते काट्याने दाखवणारं मोजयंत्र) आणि तो धरायला बाजारात मिळणारा साधा चुंबकी स्टँड. काम: राजदूत ३५०चं इंजिन पुन्हा बांधताना क्लचची मापं घेणं.

गेजबद्दल तक्रारीला जागा नाही. पल्ला १० मिमी, लीस्ट काउंट (वाचता येणारं सर्वात लहान माप) ०.०१ मिमी, मोठा काटा एका फेऱ्यात १ मिमी दाखवतो आणि किती फेरे झाले ते छोटा काटा सांगतो. क्लचला हा सरळ दांड्याचाच प्रकार हवा. लिव्हर टाइपचा छोटा डायल बऱ्याच जणांकडे आधीच असतो, पण त्याचा पल्ला जेमतेम ०.८ मिमी. क्लचच्या प्लेटांचा गठ्ठा दाबून धरणारी प्रेशर प्लेट त्याहून जास्त उचलते आणि काटा शेवटाला जाऊन अडतो.

स्टँडचं मात्र पहिल्याच दिवशी हसं होतं. क्रँककेस ॲल्युमिनियमची, चुंबकाचं बटण फिरवा नाहीतर नारळ फोडा, तो धरणार नाही. खोक्यावर हे कुणी लिहीत नाही. उपाय स्वस्तातला आहे. ४० मिमी रुंद आणि ६ मिमी जाड लोखंडी पट्टी घ्यावी, क्लच कव्हरच्या दोन स्क्रूंच्या अंतरावर तिला ६.५ मिमीची भोकं पाडावीत आणि कव्हर काढल्यावर त्याच आट्यांत ती कसावी. ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये किंवा नवी मुंबईत रबाळ्याला फॅब्रिकेशनच्या कुठल्याही गाळ्यात पट्टी कापून मिळते. खाली जुन्या गॅस्केटचा तुकडा ठेवला की कव्हर टेकतं तो पृष्ठभाग खरचटत नाही. स्क्रू हलक्या हातानेच कसा. चाळीस वर्षांचे आटे एकदा गेले की हेलिकॉइलचा (गेलेल्या आट्यांच्या जागी बसवायच्या तारेच्या गुंडाळीचा) खर्च पट्टीच्या कितीतरी पट होतो.

एवढा खटाटोप कशासाठी? सात फायबर प्लेटचा क्लच धरा, म्हणजे घासणाऱ्या फायबर प्लेट आणि त्यांच्यामध्ये एकाआड एक स्टील प्लेट. घासणारे पृष्ठभाग झाले चौदा. हँडलवरचा क्लच लिव्हर पूर्ण दाबल्यावर प्रेशर प्लेट १.४ मिमी उचलली, तर प्रत्येक पृष्ठभागाच्या वाट्याला फक्त ०.१ मिमी फट येते. यात एखादी स्टील प्लेट ०.१ मिमीने वाकडी असली तर तिथली फट संपलीच. मग पहिला गिअर खाड्कन पडतो, घोडबंदर रोडच्या गर्दीत इंजिन तापलं की क्लच दाबूनही गाडी ओढते आणि न्यूट्रल शोधत बसावं लागतं. राजदूत ३५० ज्या यामाहा आरडी ३५०वरून बनली, तिच्या मॅन्युअलमध्ये स्टील प्लेटच्या वाकडेपणाची मर्यादा ०.०५ मिमी का दिली आहे, ते या हिशेबातून कळतं.

ही ०.०५ची तपासणी मात्र डायलने करू नये. १० किंवा १२ मिमी जाडीची काच घ्या, काचवाल्याकडचा उरलेला तुकडाही चालतो. प्लेट तिच्यावर नुसती ठेवा, बोटाने दाबू नका, आणि फिलर गेजचं (ठरावीक जाडीच्या पात्यांच्या संचातलं) ०.०५चं पातं कडेने सगळीकडे घालून पाहा. मग प्लेट उलटी करून पुन्हा. पंचिंगच्या प्लेटला एका बाजूला बारीक बर (कडेला उरलेली धातूची कोर) असते आणि ती खोटं माप देते. ऑइलस्टोन (घासायचा बारीक दगड) हलका फिरवून मगच मोजा. फिलरचं ०.०५चं पातं कागदासारखं चुरगळतं, त्यामुळे स्वस्तातला संच घेतलात तर हेच पातं आधी निकामी होईल.

फायबर प्लेट मायक्रोमीटरने चार ठिकाणी मोजा: नवी ३.० मिमी, २.७ला बाद. एकेक प्लेट मर्यादेत बसली म्हणून निर्धास्त होऊ नका. सात प्लेट प्रत्येकी ०.२ने झिजल्या तर गठ्ठा १.४ मिमीने बुटका होतो, स्प्रिंग तेवढीच कमी दाबली जाते आणि वरच्या गिअरमध्ये थ्रॉटल पिळल्यावर क्लच सरकतो. दोष मग बिचाऱ्या ऑइलवर जातो.

डायलची खरी किंमत कळते ती उचल मोजताना. केबल आणि लिव्हर जोडा. पुशरॉडचा (प्रेशर प्लेट ढकलणाऱ्या सळईचा) स्क्रू हलका टेकेपर्यंत आत घेऊन पाव फेरा मागे घ्या, चेकनट कसा. लिव्हरपाशी २ ते ३ मिमी ढिलाई ठेवा. गेजचा दांडा प्रेशर प्लेटला काटकोनात, १ मिमी आत दाबलेला असू द्या. तिरका लावला तर माप चुकतं. लिव्हर दाबा, वाचा, सोडा. काटा शून्यावर परत आला नाही तर आधी स्टँडचे सांधे कसा, स्वस्त स्टँडचा हात हमखास घसरतो. प्रत्येक स्प्रिंगच्या बोल्टशेजारी असंच माप घ्या. दोन मापांत ०.२ मिमीहून जास्त फरक आला तर दुर्लक्ष करू नये. जिथे उचल जास्त, तिथली स्प्रिंग मऊ. खात्रीसाठी समोरासमोरच्या स्प्रिंग अदलाबदल करा: जास्त उचल स्प्रिंगबरोबर सरकली तर स्प्रिंग बदला, जागची हलली नाही तर दोष स्प्रिंगचा नाही, प्रेशर प्लेट वाकडी आहे का ते तपासा. इथले बोल्ट तळाला टेकेपर्यंत कसायचे असतात, त्यामुळे एखादा सैल ठेवून फरक मिटवायचा जुगाड करू नये. ट्रायम्फ, बीएसए या ब्रिटिश गाड्यांच्या जुन्या क्लचमध्ये स्प्रिंगचे नट कमी-जास्त करता येतात. तिथे हाच गेज लावून उचल सगळीकडे सारखी करता येते, आणि तिथे तर तो हवाच.

बास्केटच्या (प्लेटांचा गठ्ठा बसतो त्या डब्याच्या) बोटांवर प्लेटच्या कानांनी पाडलेले खड्डे डायलला दिसत नाहीत. नखाने चाचपा. नख अडकलं तर प्लेटही अडकते. कानस मारलीत तर खाच रुंद होते आणि कानाची ढिलाई वाढते, तेव्हा मोठे खड्डे असलेला बास्केट बदललेलाच बरा.

घेताना दोन गोष्टी. गेजचा दांडा ज्या नळीतून सरकतो ती स्टँडमध्ये पकडायची नळी ८ मिमीची आहे, स्टँडच्या पकडीचं भोक तेवढंच आहे ना ते बघा. नकली माल सर्रास मिळतो, म्हणून ओळखीच्या टूलरूममध्ये १.०० मिमीच्या स्लिप गेजवर (अचूक जाडीच्या ठोकळ्यावर) एकदा ताडून घ्या. आणि ठाण्याच्या पावसाळ्यात चुंबकाच्या बुडाला तेलाचा हात पुसून ठेवा, पण गेजच्या दांड्याला तेल कधीच नको. तेलावर धूळ बसते आणि काटा अडकायला लागतो.