मांजराच्या पिसवांवर फिप्रोनिल-मेथोप्रीनचे थेंब: आठ महिन्यांच्या वापरानंतर

औषध: फिप्रोनिल ५० मिग्रॅ आणि एस-मेथोप्रीन ६० मिग्रॅ, मांजरासाठीची अर्धा मिलीची पिपेट, म्हणजे त्वचेवर पिळायची औषधाची छोटी नळी. मांजरं दोन, बोका सव्वाचार किलोचा आणि भाटी तीन किलोंची. दर चार आठवड्यांनी प्रत्येकी एक पिपेट, असे आठ महिने. औषध काम करतं. पण पहिले दोन महिने ते कुचकामी वाटतं, आणि नेमक्या त्याच दिवसांत माणसं घाबरून त्यावर दुसरं काहीतरी चोपडतात. मांजरांना विषबाधा होण्याची मोठी वाट ती आहे.

आधी फसगत कशी होते ते. मांजराच्या अंगावर दिसणाऱ्या पिसवा म्हणजे एकूण पसाऱ्याचा जेमतेम वीसावा भाग. उरलेला सगळा माल अंडी, अळ्या आणि कोष या रूपात गादीत, गालिच्यात, फरशीच्या फटींत असतो. एक मादी रोज चाळीस-पन्नास अंडी घालते आणि ती अंडी केसांना चिकटून न राहता मांजर जिथे झोपेल तिथे गळून पडतात. मेथोप्रीन अंडी आणि अळ्या यांची वाढ रोखतं, फिप्रोनिल मोठ्या पिसवा साधारण २४ ते ४८ तासांत मारतं. मात्र कोषात बसलेल्या पिसवेला दोन्हीपैकी काहीच लागत नाही. कोष कित्येक महिने तसाच पडून राहू शकतो आणि पावलांची थरथर, अंगाची ऊब, श्वासातला कार्बन डायऑक्साइड जाणवला की फुटतो. त्यामुळे तिसऱ्या आठवड्यात फणीत पुन्हा ताज्या पिसवा सापडल्या, तर ते औषधाचं अपयश नव्हे. त्या नुकत्याच बाहेर पडलेल्या असतात आणि औषध अंगावर असेल तर दोन दिवसांत मरतात. सलग तीन डोस न चुकता दिल्याशिवाय निकाल लावू नये.

औषध लागू पडतंय का हे पाहायला नजर पुरत नाही, बारीक दातांची फणी लागते. मानेपासून शेपटीच्या मुळापर्यंत विंचरायचं आणि निघालेला काळा चुरा ओल्या पांढऱ्या कापसावर टाकायचा. माती असेल तर ती काळीच राहते. पिसवांची विष्ठा असेल तर मिनिटभरात कडेने तांबूस वर्तुळ पसरतं, कारण तो पचलेल्या रक्ताचाच चुरा असतो. आठवड्यातून एकदा हे केलं की फरक कळतो.

आता लावण्याबद्दल. ही पायरी सोपी दिसते आणि इथेच निम्मं औषध वाया जातं. जागा एकच: मानेच्या मागे, कवटी संपते आणि खांद्याची पाती सुरू होतात त्याच्या मधे, जिथे मांजराची जीभ पोहोचत नाही. केस दोन बोटांनी फाकवून खालची त्वचा पांढुरकी रेघ होऊन दिसली पाहिजे. पिपेट उभी धरून टोक मोडायचं, टोक त्वचेला टेकवून एक-दोन ठिकाणी पूर्ण पिळायची. केसांवर सांडलेलं औषध केसांवरच वाळतं. फिप्रोनिल त्वचेवरच्या तेलकट थरातून २४ तासांच्या आसपास अंगभर पसरतं, म्हणून लावण्याआधी आणि नंतर दोन-दोन दिवस आंघोळ नको. शॅम्पूने तो थरच निघून जातो. लावलेल्या जागी केसांच्या टोकदार बटा होतात, कधी पांढरी भुकटी दिसते. दिसायला वाईट, पण एक-दोन दिवसांत जातं. तोवर तिथे हात लावायचा नाही, लहान मुलांजवळ झोपू द्यायचं नाही आणि जाळापासून लांब ठेवायचं. द्रावण ज्वालाग्राही आहे.

दोन मांजरं असली की एक गोष्ट सुटते: ती एकमेकांना चाटतात. ओलं असेपर्यंत दोघांना वेगळ्या खोल्यांत ठेवावं. चाटलंच तर थोडा वेळ तोंडाला फेस आणि लाळ येते. ती बहुतेक द्रावणाच्या कडवटपणामुळे असते आणि आपोआप थांबते. लाळेसोबत कान-मिशा फडफडणं, अंग थरथरणं, तोल जाणं सुरू झालं तर मात्र प्रकरण वेगळं.

ते वेगळं प्रकरण बहुधा परमेथ्रिन या कीटकनाशकाचं असतं. कुत्र्यांच्या काही थेंबांमध्ये ते ४५ ते ६५ टक्के असतं. कुत्र्याच्या यकृताला ते मोडून निरुपद्रवी करणं सहज जमतं. मांजराच्या यकृताला ते नीट जमत नाही, म्हणून विष अंगात साचत राहतं. ‘कुत्र्याची मोठी पिपेट आणून निम्मी लावली’ हा हिशेब इथे जीव घेतो. कुत्र्याला असं औषध लावलं असेल आणि मांजर त्याला बिलगून झोपत असेल, तरी धोका आहे. दोघांना ७२ तास वेगळं ठेवावं, किंवा मांजर असलेल्या घरात कुत्र्यालाही परमेथ्रिन नसलेलं औषध द्यावं. लक्षणं काही तासांत दिसतात, कधी तीन दिवसांनीही. मांजर शुद्धीवर असेल आणि झटके येत नसतील तर कोमट पाण्यात भांड्यांचा साधा साबण कालवून ती जागा धुवायची. पाणी गरम नको, त्याने औषध त्वचेतून जास्त शोषलं जातं. गारही नको, थंडीने विषाचा जोर वाढतो. नीट पुसून, गुंडाळून, औषधाचं वेष्टन सोबत घेऊन तडक डॉक्टरांकडे. उलटी करवू नये.

घरगुती उपायांचंही तेच. टी-ट्री, निलगिरी, कापूर यांची तेलं मांजराला विषारी आहेत आणि मांजरं अंगावरची प्रत्येक गोष्ट चाटून पोटात घेतात. लसूण तर रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. ‘नैसर्गिक’ हा शब्द मांजराच्या यकृताला वाचता येत नाही.

घराकडे लक्ष दिलं नसतं तर हे आठ महिने वायाच गेले असते. अंथरुणं आठवड्यातून एकदा ६० अंशांच्या पाण्यात, आणि सोफ्याखाली, कडांना व्हॅक्युम. त्याच्या थरथरीने कोष फुटतात, ते आपल्या पथ्यावर पडतं. पण धूळ लगेच घराबाहेर टाकायची, नाहीतर पिसवा घरातच कोषातून बाहेर येतात.

उणिवा सांगायच्या तर, आतल्या जंतांवर याचा उपयोग शून्य. शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसले तर तो पिसवांतून आलेला पट्टकृमी, त्याचं औषध वेगळं. आठ आठवड्यांखालच्या किंवा एक किलोपेक्षा हलक्या पिल्लाला ही पिपेट चालत नाही. अशा पिल्लाला रोज फणी करायची, आणि हिरड्या फिक्या दिसल्या तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे, कारण एवढ्याशा जिवाचं रक्त पिसवा शोषून संपवू शकतात. आजारी, गाभण किंवा अंगावर पाजणाऱ्या मांजरासाठी आधी विचारूनच. घरात ससा असेल तर ही नळी त्याच्या आसपासही नको, फिप्रोनिलने ससे मरतात.

खरी तक्रार वेष्टनाची आहे. कुत्र्याचं आणि मांजराचं खोकं रंगाने जवळपास सारखं, फरक कोपऱ्यातल्या चित्रापुरता. सुटी पिपेट मिळाली तर तेही नाही. म्हणून टोक मोडण्याआधी नळीवरचा घटक आणि मिली वाचायचे: मांजराची ०.५ मिली. त्याहून मोठी नळी हातात असेल तर ती तशीच परत करायची.